सहा कोऱ्या चकत्या

मुश्ताक : चेनीला बोल नका लावू, बाई. चेन चांगली हाय.

आश्लेषा : मग चढावर जोर दिला की सटकते कशी? गेल्या रविवारी आमच्या ह्यांनी नवी घातली. दुपारभर बसून अख्खं अंगण काळं केलं.

मुश्ताक : नवी चेन झिजल्या दातांवर बसत नाय. ह्या मागच्या चाकाच्या चकत्या बघा, सात हायत. त्यातली ही तिसरी. मुशी माशाच्या दातांसारखे वाकडे नि टोकदार झालेत. चेन धरणार कशाला?

आश्लेषा : मग बदला. परवा, सोमवारी मला सायकल हवीच आहे.

मुश्ताक : सोमवारी काय हाय?

आश्लेषा : बदली झालीय. नवी शाळा कार्लेखिंडीच्या पलीकडे, सातला प्रार्थना. पहिली एसटी तिथं साडेसातला पोचते. हे म्हणतात, तुला खिंड झेपायची नाही, नोकरी सोड. बावीस वर्षं शिकवतेय मी. सायकल ढकलत जाईन, पण सोडणार नाही.

मुश्ताक : एक विचारू? राग मानू नका. ही सायकल किती वर्षं चालवताय?

आश्लेषा : अकरा.

मुश्ताक : नि गियर कितीदा बदललात?

आश्लेषा : एकदाही नाही. सायकल घरी आली त्या दिवशीच ह्यांनी बजावलं होतं, हँडलवरच्या त्या खटक्याला हात लावू नकोस, बिघडेल. नाही लावला.

मुश्ताक : तरीच. पंधरा वर्षं तिकडं कतारला, दोह्यात हेच काम केलं, पण असा फ्रीव्हील, असा चकत्यांचा सेट नाय बघितला. एक चकती पार गेली, नि बाकीच्या सहा... थांबा, फडकं मारतो. बघा. वरचा गंज गेला का खाली दात जसेच्या तसे. ही सगळ्यात मोठी, चढाची. हिला चेन कधी लागलीच नाय.

आश्लेषा : चढाची वेगळी असते?

मुश्ताक : हिच्यावर चेन आली का पाय हलका होतो. हळू जाल, पण बसून जाल. आजवर चढ आला का काय करायचात?

आश्लेषा : उतरायचे. जुन्या शाळेच्या वाटेवर देवळापाशी चढ आहे, तिथं रोज उतरायचे. माझ्याच वर्गातली पोरं बाजूनं चढून जायची आणि मी पदर खोचून ढकलत. मला वाटायचं, आपल्यातच दम नाही. अकरा वर्षं तसंच वाटत होतं, मुश्ताकभाई. आत्ता राग येतोय.

मुश्ताक : ती एक चकती सुटी नाय मिळत, अख्खा सेट घालावा लागतो. माझ्यापाशी हाय. गियरची तार पण खाऱ्या हवेनं धरलीय, ती बदलतो. पण खटका तुम्हीच दाबायचा.

आश्लेषा : घाला. आणि कसा दाबायचा ते शिकवा. मी वर्गात एकदा सांगून सोडून देत नाही, तुम्हीही देऊ नका.

(तासाभरानं. आश्लेषा दुकानासमोरचा चढ चढून, वळून परत आलेली.)

मुश्ताक : काय म्हणते सायकल?

आश्लेषा : दोनदा चुकले. चढ अंगावर आल्यावर दाबला, तर नुसती करकरली. तिसऱ्यांदा तुम्ही सांगितलंत तसं केलं. खाली असतानाच दाबला, पाय फिरता ठेवून.

मुश्ताक : मग?

आश्लेषा : उतरावं लागलं नाही.

मुश्ताक : माशाल्ला. पण खिंड याच्याहून लांब हाय, बाई.

आश्लेषा : माहितेय. म्हणून उद्याच एकदा जाऊन येणार. दमले तर थांबेन, पाणी पिईन, परत बसेन.

मुश्ताक : मग जमलं समजा. हा जुना सेट टाकतो भंगारात.

आश्लेषा : नको, कागदात गुंडाळून द्या.

मुश्ताक : याचं काय करणार?

आश्लेषा : संध्याकाळी ह्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवणार. झिजलेली चकती त्यांना दिसेलच. न झिजलेल्या सहा मी दाखवेन.