मोकळं टेबल

संशोधक : हे बघा, परत तेच. ‘स्त्रिया’ टाकलं, ‘नोकरी’ टाकलं, ‘टंकलेखन’ टाकलं. तुमचा संगणक म्हणतो, एकही नोंद नाही. म्हणजे आजवर कुठल्याच कचेरीत बाई टाइपरायटरवर बसली नाही की काय?

ग्रंथपाल : बसली होती. संगणकाला कुणी सांगितलं नाही एवढंच. ‘गृहशास्त्र’ टाका.

संशोधक : गृहशास्त्र? मॅडम, मी टायपिस्ट बायकांच्या संपावर प्रबंध लिहितेय.

ग्रंथपाल : टाका तर खरं.

संशोधक : अगं बाई. आहे की! हेही आहे, आणि हे तर मी वर्षभर शोधत होते.

ग्रंथपाल : माझ्या आधी इथं जे गृहस्थ होते, त्यांचा हिशेब सरळ होता. पुस्तकात बाई दिसली की गृहशास्त्र. शिवणकाम, बाळाची मालिश आणि संप, सगळं एका रांगेत. ‘कुटुंबकल्याण’ बघा, ‘कार्यालयीन व्यवस्थापन’ बघा. लेखिका तिच्या नावानं सापडली नाही, तर नवऱ्याच्या आडनावानं शोधा.

संशोधक : आणि हे तुम्ही आज सांगताय?

ग्रंथपाल : तुम्ही आज विचारलंत. एरवी येता, थेट मागच्या कपाटापाशी जाता, वाचता, निघता. जाताना मान तेवढी हलवता.

संशोधक : बोलायला वेळ कुठे असतो हो. कॉलेजातले तास उरकून धावत यायचं आणि सासूबाईंच्या औषधाच्या वेळेला घरी पोचायचं. दमले मी. खरंच दमले. परवा तर इथंच खंडावर डोकं ठेवून झोप लागली.

ग्रंथपाल : पाहिलं मी. पंखा वाढवला होता.

संशोधक : तरीच म्हटलं, थंडी का वाजतेय.

ग्रंथपाल : बरं, ऑनलाइन काय मिळालं?

संशोधक : कुलपं मिळाली. पहिलं पान फुकट दाखवतात, दुसऱ्यावर कुलूप. विद्यापीठाचा पासवर्ड चालायचा, आता तोही बंद. सगळा रविवार त्यातच गेला.

ग्रंथपाल : वर्गणी थकली त्यांची. आमचीही थकलीय. तुम्ही सरळ लेखिकेलाच मेल टाका. बहुतेक जणी लेख पाठवून देतात. आपलं कुणी वाचतंय, ह्याचंच अप्रूप असतं. आणि लेखाच्या शेवटची संदर्भसूची आधी बघा, ती बऱ्याचदा कुलपाबाहेर असते.

संशोधक : टाकते मेल. पण माझं खरं घोडं अडलंय ते त्या मासिकापाशी. टायपिस्ट संघटनेचं. ते कुठल्याच साइटवर नाही, दुसऱ्या कुठल्या लायब्ररीतही नाही. फक्त तुमच्या मागच्या कपाटात आहे. गाइड सरांनी स्वच्छ सांगितलंय, ही शेवटची मुदतवाढ. मूळ साधनं दाखवा, नाहीतर विषय सोडा. अर्धे खंड झालेत, अर्धे उरलेत.

ग्रंथपाल : त्याबद्दलच बोलायचं होतं. सकाळपासून टाळतेय.

संशोधक : काय झालं?

ग्रंथपाल : सोमवारी ती कपाटं जाणार. स्त्री-अभ्यासाचा सगळा विभागच. मध्यवर्ती गोदामात.

संशोधक : जाणार म्हणजे? आणि मग?

ग्रंथपाल : मग अर्ज करायचा आणि वाट बघायची. मागच्या खेपेला गेलेली खोकी अजून कुणी उघडलेली नाहीत.

संशोधक : मॅडम, मी फोटो काढायचा प्रयत्न केला होता. सायक्लोस्टाइलची शाई इतकी फिकी झालीय की फोनला नुसता कोरा कागद दिसतो. खिडकीपाशी धरूनच वाचावं लागतं. असं कसं नेतील? कुणी ठरवलं?

ग्रंथपाल : समितीनं. वापर शून्य, म्हणाले.

संशोधक : शून्य? आणि मी काय इथं माशा मारत बसत होते?

ग्रंथपाल : मीही तेच म्हटलं. म्हणजे, जरा बऱ्या शब्दांत. वाचतात हो बायका, म्हटलं. तर म्हणाले, दाखवा.

संशोधक : मग दाखवायचं ना!

ग्रंथपाल : कशातून दाखवू? ते खंड घरी देत नाही, म्हणजे देवघेवीत नोंद नाही. वाचनालय बंद करताना टेबलांवर जी पुस्तकं पडलेली असतात, ती आमचे शिपाईमामा मोजतात आणि मग जागेवर लावतात. तेवढाच आमचा वापर. स्पर्धा परीक्षेवाली पोरं डोंगर करून जातात, त्यांचा विभाग जोरात आहे. तुमच्या बाजूचं टेबल रोज मोकळं.

संशोधक : मोकळं असणारच. मी ठेवते ना सगळं जागेवर.

ग्रंथपाल : जागेवर?

संशोधक : हो. उठताना. धूळ पुसते, नंबरानं लावते, खुर्चीसुद्धा आत सरकवते.

ग्रंथपाल : रोज?

संशोधक : रोजच. असं बघू नका.

ग्रंथपाल : भिंतीवर पाटी आहे, ताई. ‘पुस्तके टेबलावरच ठेवावीत.’

संशोधक : वाचलीय की. मला वाटलं, लोक चुकीच्या जागी खुपसतात म्हणून लावली असेल. मी तर बरोबर जागी ठेवते. मामांचे गुडघे दुखतात, ते जिन्यात बसून चोळत असतात. म्हटलं, आपण वाचायचं आणि त्यांनी उचलायचं, बरं नाही दिसत.

ग्रंथपाल : आणि बाकीच्या? ती वकिलीचं शिकणारी, ती लेकराला मांडीवर घेऊन बसायची ती?

संशोधक : त्याही ठेवायच्या.

ग्रंथपाल : सगळ्याच?

संशोधक : मीच सांगितलं त्यांना. वकिलीवाली नवीन होती, पसारा टाकून निघाली होती. मी दारातून परत बोलावलं. म्हटलं, बाई गं, आवरून जावं.

ग्रंथपाल : वा.

संशोधक : हसा तुम्ही.

ग्रंथपाल : हसत नाहीये. मी काय कमी केलंय? रोज इथं बसून कौतुक करायचे, मागच्या टेबलावरच्या बायका किती नीटनेटक्या. त्या मोजणीवर सही माझीच असते. एकदाही डोक्यात आलं नाही, की एवढ्या बायका बसून जातात आणि टेबलावर एक कागद कसा नाही.

संशोधक : मला रडू येतंय. आणि रागही येतोय, पण कुणावर काढू? घरीही हेच. रात्री ओटा पुसून झोपते, सकाळी सगळे उठतात तेव्हा ओटा लख्ख. त्यांना वाटतं, तो तसाच असतो. मावशी टायपिस्ट होती माझी. एका वकिलांचं अख्खं पुस्तक तिनं टाइप केलं, तीनदा. आभारात त्यांनी कुत्र्याचं नाव घातलं, हिचं नाही. तेव्हापासून डोक्यात होतं की ह्या बायकांवर लिहायचं. आणि मीच बसले पुसत.

ग्रंथपाल : पाणी घ्या. डोळे पुसा. हे पुसलं तर चालेल.

संशोधक : आता काही होईल?

ग्रंथपाल : खोटं सांगत नाही. कपाटं थांबतील असं वाटत नाही. गाडी ठरलीय. पण टायपिस्टांचे खंड ‘सध्या वापरात’ म्हणून मागं ठेवायचा मला अधिकार आहे. त्यासाठी ते वापरात दिसायला हवेत. आज, उद्या, परवा. मामांच्या मोजणीत.

संशोधक : उद्या माझे चार तास आहेत. रजा टाकते. सासूबाईंना नणंदेकडे... बघते काहीतरी. पण मॅडम, बाकीचं?

ग्रंथपाल : बाकीचं जाईल. वकिलीवालीला फोन करा. जे काढता येईल ते टेबलावर काढा. मी पत्र लिहीन, समिती ते वाचणार नाही, तरी लिहीन.

संशोधक : तुम्हीही थकलाय.

ग्रंथपाल : कधीची.

(संध्याकाळ. मागच्या टेबलावर उघड्या खंडांचा ढीग. बंद होण्याची घंटा. खुर्ची सरकते.)

ग्रंथपाल : हं. हात.

संशोधक : सवय हो. आपोआप गेला.

ग्रंथपाल : पर्स घ्या आणि निघा. मागं वळून बघू नका.

संशोधक : मामा बिचारे एवढं सगळं उचलणार?

ग्रंथपाल : मी लावू लागेन त्यांना. मोजून झाल्यावर.

संशोधक : तो वरचा तेवढा मिटू का? पान दुमडेल.

ग्रंथपाल : नको. इथं कुणीतरी बसलं होतं, असं दिसू दे.