मग हसलं कोन?

मंडळी, बसा. मागं जे उभे हायत त्यांनी बी खाली बसून घ्या. उभं ऱ्हायची येळ येनार हाय, पर ती आता न्हाई.

मला भाषन येत न्हाई. माझं सगळं बोलनं गिऱ्हाइकाच्या डोक्यामागं उभं ऱ्हाऊन झालेलं. समोर मानसं बगून बोलायची सवय मला एकाच मानसानं लावली, आनि त्यो मानूस आज फोटोत हाय. त्यामुळं अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी बबन, सलूनवाला. बाहेरून आलेल्या पाव्हन्यांसाठी सांगतो, गावातली पोरं मला पारूमामा म्हनत्यात. कारन जत्रंतल्या वगात नागनाथआप्पा महादेव व्हायचे आनि मी पार्वती. मिशी काढून, लुगडं नेसून, लई वर्सं मी त्या मानसाशी स्टेजवर भांडलोय. खरी मालकीन ह्या समोर बसल्यात, आमच्या गंगावैनी. वैनी, रागावू नका, पर अर्धं कुकू माझं बी गेलंय.

माझ्याआधी जे बोलले त्यांचं मी कान देऊन ऐकलं. आप्पा धर्मनिष्ठ व्हते. आप्पा मनमिळाऊ व्हते. आप्पांच्या किराना दुकानात माप कधी कमी आलं न्हाई. सगळं खरं. आपले देवस्थानचे अध्यक्ष भाऊसाहेब तर म्हनले, गावाचं हसू गेलं. भाऊसाहेब, तुमी असं म्हनला आनि माझ्या तोंडाला पानी सुटलं. ओकारी यायच्या आधी सुटतं ना, तसलं.

कारन एकानं बी त्या वगाचं नाव घेतलं न्हाई. 'महादेव रांगेत'. घ्या, मी घेतलं. कुनाला इटाळ झाला असंल तर त्यानं घरी जाऊन अंघोळ करावी.

आनि ह्यो फोटो बगा. बॅनरवरचा. आप्पांचा दुसरा धड फोटोच न्हवता, म्हनून वगातलाच घेतला. जटा कापल्या, गळ्यातला नाग कापला, डोक्यावर पांढरी टोपी चिकटवली. केला आप्पा स्वच्छ! पर जवळ जाऊन कानामागं बगा. निळा रंग ऱ्हायलाय. त्यो रंग माझ्या बोटानं लावलेला हाय, त्यो मला लांबूनबी दिसतो.

तुमाला आठवत न्हाई म्हनं वगात काय व्हतं. मी सांगतो.

महादेव-पार्वती आपल्याच देवळात येत्यात. दारात मानूस अडवतो, म्हनतो, रांगंत उभं ऱ्हा. आमचा नंदी तवर चारा छावनीत न्हेलेला, त्याच्या कानाला बिल्ला मारलेला. मी म्हनायची, "आवो, तिसरा डोळा उघडा की, जाळून टाका ह्या मेल्यांला!" आप्पा म्हनायचे, "उघडला गं! पर आधारकार्डावर दोनच डोळे हायत, हे म्हनत्यात फोटो जुळत न्हाई." आनि मग ढोलकी वाजली की त्यांचं गानं:

माझंच देऊळ, माझीच पायरी,
मलाच म्हनत्यात रांगंत ऱ्हा!
मेव्हना आलाय अध्यक्षांचा,
देवा, जरा बाजूला व्हा!

झालं. ह्यो एवढा गुन्हा.

जत्रंच्या दुसऱ्या दिवशीचा खेळ, हजेरी म्हनत्यात ती. दुपारचा कार्यक्रम, टळटळीत ऊन. अंधारात कोन हसलं ते दिसलं न्हाई, असं म्हनायची सोय न्हाई. मला स्टेजवरून सगळ्यांचे दात दिसत व्हते. छावनीत महिना महिना जनावरं घिऊन बसलेली मानसं नंदीच्या बिल्ल्याला एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालून हसत व्हती. पोरं खुर्चीवरून खाली पडली.

आनि आमच्या केसरआज्जी. ह्या बगा, हितं पुढंच बसल्यात. पोराबरुबर ऊसतोडीवरून नुकत्याच परतलेल्या, हाताच्या चिरा बी भरल्या न्हवत्या. उन्हात रांगंत उभा महादेव बगून ह्यांचा जीव तुटला. उठल्या, तांब्या घेतला आनि थेट स्टेजवर. "घोटभर पी रं देवा, ह्ये मुडदे तुला आत सोडत न्हाईत." आप्पांनी ढोलकी थांबवली. दोन्ही हातांनी तांब्या घेतला, आज्जीच्या पाया पडले, मग पानी प्याले. बाया हसत बी व्हत्या आनि पदरानं डोळं बी पुसत व्हत्या. मी पार्वती, माझं काजळ सगळं गालावर आलं.

आनि भाऊसाहेब, तुमी. पुढं सोफ्यावर. शेजारी तुमचा मेव्हना. त्या कडव्याला तुमाला डोळं पुसायला उपरनं पुरंना. तुमी हात वर करून वरडला, "नागनाथ, पुन्हा म्हन बे!" आनि आप्पांनी माइकवरून गावाला सांगितलं, अध्यक्षांच्या फर्माईशीवरून गानं पुन्हा. खोटं असंल तर आत्ता उठून सांगा. न्हाई? बसा मग.

मंग कुनीतरी मोबाइलवर काढलेला तुकडा गावाबाहेर गेला. फर्माईशीच्या आधीच कापलेला. त्यात फक्त तिसरा डोळा आनि देव म्हातारीच्या पाया पडतोय, एवढंच. ज्यांनी आपली जत्रा कधी बगितली न्हाई, ते मोटारसायकली घिऊन आले. डोळं लाल. त्यांचं मला एवढं वाईट वाटत न्हाई. त्यांनी बगितलंच न्हवतं, त्यांना काय कळनार? मला किळस येते ती आपली.

त्या दिवशी पारावर काय काय ऐकलं मी! एक म्हनला, मी उन्हाचं उठून गेलतो. दुसरा म्हनला, मला फोन आलता, मी बाहेर गेलतो. एक म्हनला, म्हशीला पानी पाजायला गेलतो. भर कार्यक्रमात गावातल्या सगळ्या म्हशींना एकदमच तहान लागली म्हना की! सरपंच तर म्हनले, मी आलोच न्हवतो. आवो, वगाचा नारळ तुमी फोडलाय! का नारळानं नारळ फोडला? आनि भाऊसाहेबांना वरून कुना मोठ्याचा फोन आला, तुमच्या जत्रंत असलं चालतं का? भाऊसाहेब म्हनले, गान्याच्या आधीच निघालो व्हतो, मला ठावं असतं तर चालू दिलं असतं का?

सगळेच उठून गेलते. मग हसलं कोन? मांडव रिकामा व्हता का? मी लुगडं नेसून खुर्च्यांपुढं नाचलो का? खुर्च्या हसल्या का? सांगा ना, हसलं कोन?

मंग देवळाच्या पायरीवर आप्पांना उभं केलं. ज्या पायऱ्या त्यो मानूस रोज सकाळी गानी म्हनत धुवायचा, त्याच पायऱ्या. कुनीतरी मोबाइल पुढं धरला, त्यावरचं वाचायला लावलं. एका हातात गळ्यातलं लिंग घट्ट धरलेलं, आनि वाचत्यात, "माझ्यामुळं ज्यांच्या भावना दुखावल्या…" मी शेजारीच व्हतो. म्हनलं, मी बी वाचतो, पार्वती मीच हाय. तर एक जन म्हनतो, "तुमी बाजूला व्हा, तुमाला साडीशिवाय कोन वळखतंय?" आनि पुढं उभे कोन? सरपंच, अध्यक्ष, तुमी, तुमी, आनि तिकडं खांबाआड तोंड लपवताय ते बी तुमी. आरं, भावना कुठल्या दुखावल्या तुमच्या? पोट दुखलं व्हतं तुमचं, हसून हसून!

त्यानंतर तेलगावच्या जत्रंत वग करायची घेतलेली सुपारी आप्पांनी स्वतःच परत केली. पायऱ्या धुनं बंद. रस्त्यावरनंच हात जोडायचे आनि खाली मान घालून दुकानात जायचे. त्यांच्याच दुकानात लोक चहापत्ती घेता घेता त्यो माफीचा व्हिडिओ लावून बगायचे, आवाज मोठा करून. आप्पा पुडी बांधत ऱ्हायचे. गानं तर कायमचं गेलं. वैनी सांगतील, अंघोळीला बी गुनगुनत न्हवते. मानसाचा आवाज काढून घेतलात आनि आज म्हनताय, गावाचं हसू गेलं. थू!

माफ करा, वैनी. तोंडातून गेलं. न्हाई, ऱ्हाऊ द्या. माफ करू नका. लई माफ्या झाल्या ह्या गावात.

परवा, जायच्या आदल्या आठवड्यात, आप्पा दाढीला आले. गालाला फेस लावलेला, मी आपलं म्हनलं, आप्पा, पुढल्या जत्रंत करायचा का पुन्हा? त्यांनी माझा वस्तऱ्याचा हात बाजूला सारला. मग म्हनले, "बबन, वग ऱ्हाऊ दे. देवाची माफी मी रोजच मागतो, तिचं मला काय वाटत न्हाई. पर ह्या लोकांची कावून मागितली रं मी? त्यातल्या एकानं यावं. दुकानाच्या पायरीवर उभं ऱ्हावं आनि म्हनावं, आप्पा, मी बी हसलो व्हतो. बस. मग मी पायऱ्या धुवायला मोकळा."

कुनी आलं न्हाई. गल्ल्यावर बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हनतो हार्ट. असंल.

काल वैनींनी मला बोलावलं. म्हनल्या, "भाऊजी, सभा घेऊ द्या त्यांना, हार घालू द्या. पर तुमी बोला, आनि ह्यांची तेवढी एक गोष्ट मागा." म्हनून मी हितं आलोय. कौतुक करायला न्हाई. मागायला.

आता शेवटची रीत. दोन मिनिटं उभं ऱ्हायचं, गप. सगळी सभा उठते, मला बी ठावं हाय. पर आज तसं न्हाई. आज फक्त त्यांनीच उठायचं जे त्या दुपारी हसले. जे उन्हाचं उठून गेलते, ज्यांना फोन आलता, ज्यांच्या म्हशी तहानल्या व्हत्या, त्यांनी बसून ऱ्हायचं. गेलते ना? मग आप्पांचा तुमचा संबंध काय? बसा निवांत.

बस, एवढंच मागनं हाय. हसला असाल तर उठा.

थांबतो मी.

आज्जे, तू नको, तुझं गुडघं… बरं, बरं, धरा रे तिला कुनीतरी. हां. तिकडं बाया उठल्या. या, ढोलकीवाले. छावनीवाले, या. खांबाआडचे पाव्हने, तुमी बी? चांगलं केलं. आता मान वर करा.

आनि ह्ये कोन? भाऊसाहेबांचा मेव्हना! दाजी बसलेत अन् तू उठलास? शाब्बास रं गड्या. ज्याच्यावर गानं व्हतं त्योच उठला.

भाऊसाहेब, तुमच्या डाव्या-उजव्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी आनखी बोलावनार न्हाई.

उठलेल्यांनी हात जोडा. बसलेल्यांनी नुसतं गप ऱ्हावं, तेवढं तुमाला चांगलं जमतं.

आप्पा, बगा. मांडव भरलेला व्हता.