त्या गृहस्थाची हनुवटी

...आणि वर मलाच म्हणतात, "शेठ, या वयात इंटरनेट? डोक्याचा भुगा होईल!" अहो, भुगा व्हायला आधी ते इंटरनेट उघडायला नको का? तुम्हाला सांगतो, राहुरीत सायबर कॅफे निघालं त्या नव्याण्णव सालात तिथली खुर्ची सगळ्यात जास्त कुणी झिजवली असेल, तर ती मी, छगनशेठ हार्डवेअरवाल्यानं... आणि बघितलं काय? तर पडद्यावरचं वाळूचं घड्याळ! ते आपलं उभंच!

पण गेलो का, ते ऐका. आमच्या दुकानात भिंतभर डबे. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कोयंडे... आणि एकावरही चिठ्ठी नाही. कशाला हवी? सगळं माझ्या डोक्यात! चिठ्ठ्या लावल्या तर उद्या कोणीही गल्ल्यावर बसेल, मग शेठला कोण विचारतो? आणि एक दिवस छबूबाई आली बिजागरी मागायला, मी शिडीवर चढलो, वर पोचलो, आणि... कशाला बरं चढलो? मी डब्यांकडे बघतोय, डबे माझ्याकडे बघतायत. खालून छबूबाई, "शेठ, बिजागरी काढताय का देवाचं दर्शन घेताय? माझं दार तिकडं उघडं हाय, कुत्रं शिरंल आत!"

झालं! आमचा अमृत, एकुलता एक, इतक्या गोड आवाजात बोलला की मला तेव्हाच संशय आला. "बाबा, खूप कष्ट केलेत. दिवाळीपासून घरी आराम करा. गल्ल्यावर मी बसतो, डब्यांना चिठ्ठ्या लावतो." आराम? अहो, घरी आमची बायको, रतनबाई आहे! ती म्हणाली, "मला नकोत दिवसभर घरात. दुकानातच ठेव रे त्यांना, एखाद्या डब्यात."

शेवटी ठरलं, नगरच्या डॉक्टरांनी निकाल द्यायचा. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "तीन शब्द लक्षात ठेवा. शेळी, कंदील, फणी." मग पाऊसपाणी विचारलं, बाजार विचारला, आणि एकदम, "हं, सांगा ते शब्द." मी म्हटलं, "शेळी... आणि... तिचं करडू." अमृतनं कपाळाला हात लावला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका शेठ. डोक्याला काहीतरी नवं काम द्या. दिवाळीच्या आधी परत या, मग ठरवू."

नवं म्हणजे काय? तर इंटरनेट! स्टँडजवळ उत्तमरावांच्या प्रज्ञानं नुकतंच सायबर काढलेलं. म्हटलं, "पोरी, म्हाताऱ्याचं डोकं तल्लख कसं ठेवायचं, ते दाखव." तिनं टकटक केलं, फोनला जोडलेल्या डबीनं गिरणीत खिळा पडल्यासारखा आवाज काढला, आणि एका गोऱ्या म्हाताऱ्याचा फोटो वरून खाली उतरायला लागला. केस आले. कपाळ आलं. बऱ्याच वेळानं एक भुवई आली... "काका, लाईन स्लो आहे, थांबा जरा." थांबतो बाई! नाकापर्यंत आला, लाईन तुटली. परत पहिल्यापासून. केस, कपाळ, भुवई... आणि ते वाळूचं घड्याळ आपलं उभंच! रोज गेलो, पण त्या गृहस्थाची हनुवटी काही मला दिसली नाही. आणि उपाय म्हणे सगळे हनुवटीच्या खाली लिहिलेले!

आता व्यापारी माणूस नुसता बसेल का? मनातल्या मनात दुकान उघडायचो. वरची फळी, डावीकडून... अर्धा इंची स्क्रू, शेजारी वॉशर, मग पितळी कड्या... कपाळ येईस्तोवर एक फळी, भुवईपर्यंत दुसरी. कुठं अडलो तर संध्याकाळी जाऊन डबा उघडून बघायचो. प्रज्ञा विचारायची, "काका, ओठ कसले हलवताय? जप करताय का?" म्हटलं, "हो, बिजागरीचा." फळ्या संपायच्या, दुकान उलटीकडून सुरू करायचो, आणि ते घड्याळ? उभंच!

दिवाळी तोंडावर आली. गेलो नगरला. अमृत माझ्यापेक्षा घाबरलेला, तेवढं मात्र पोराचं मन चांगलं. डॉक्टर म्हणाले, "बैल, चमचा, पायरी." परत पाऊसपाणी. परत बाजार. "हं, सांगा." मी म्हटलं, "बैल, चमचा, पायरी. आणि मागच्या खेपेची तुमची शेळी, कंदील, फणी माझ्याकडं राहिली होती, तीही घ्या!"

डॉक्टर खुर्चीतून उठले हो! "कमाल केलीत शेठ! असं वाचलंत तरी काय इंटरनेटवर?"

"वाचलं? डॉक्टरसाहेब, अजून पान उघडायचंय!"

अमृत इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. म्हणाला, "बसा बाबा, तुम्हीच बसा. तुमच्याशी कोण जिंकणार?"

तर बसलोय. मजेत बसलोय. चिठ्ठी नाही, काही नाही. शिडीवरून उतरतो तेव्हा हातात मागितलेलीच वस्तू असते. पण माणसाला सुखानं बसू देतील तर शपथ! परवा प्रज्ञा दुकानात आली, हसत. "काका, खुशखबर! नवी लाईन येतेय. बटण दाबलं की पान समोर. थांबायचं कामच नाही!" अहो, थांबायचं नाही म्हणता, मग माझ्या डोक्यानं करायचं काय? पण तिला विचारलं, "मग, काय देऊ?" ती म्हणाली, "वायर भिंतीला ठोकायला छोट्या क्लिपा हव्यात."

तिसरी फळी, उजवीकडून दुसरा डबा. न बघता हात घातला आणि दिल्या बांधून. काय करता? गिऱ्हाईकाला नाही म्हणायची आपली रीत नाही!