एमिलीला वास येत होता

…माझं रक्त नको घेऊस, बाय, त्याचा तुझ्या संशोधनाला उपयोग नाही — मी या घरात लग्न होऊन आलेली, माझं नाक धड आहे. तुला पाहिजे ते व्हॅलेरियनचं रक्त, माझ्या नवऱ्याचं, पण तो चार वर्षांपूर्वी गेला, आणि त्याची आई त्याच्याही आधी. दोघांनाही जन्मापासून वास नव्हता. सुके बोंबील जळून कोळसा झाले तरी म्हातारी चुलीपुढे रोझरी म्हणत बसायची. आम्ही हसायचो. आजार कोण म्हणतंय त्याला! तू आत्ता सांगितलंस ना — नाकात वास पकडणारं प्रोटीन असतं, ते कसं बनवायचं ते लिहिलेली चिठ्ठी म्हणजे जीन, आणि एखाद्या घरात ती चिठ्ठीच पिढ्यान्‌पिढ्या चुकीची येते — हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर… सांगितलं असतं तरी मी काय केलं असतं? तेच केलं असतं.

एमिली माझी थोरली. हो, तिलाही नव्हता. निर्मळच्या फुलांच्या वाडीत वाढलेली पोर, आणि तिला मोगरा काय नि पाला काय, सारखाच. पण हुशार — समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची. कोणी नाक मुरडलं की ही मुरडणार, कोणी छान म्हटलं की छान. मीच शिकवलेलं तसं, खोटं कशाला बोलू? मनवेलपाड्याच्या रॉबर्टशी लग्न ठरलं — फिटर होता कारखान्यात, मुलगा चांगला — तेव्हा तिला बजावलं, सासरी नाकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. का म्हणजे? मागे धाकटी विनी होती ना लग्नाची. घराण्यात खोट आहे म्हटल्यावर दारात कोण येतं?

आमच्याकडे तेव्हा चूल, तिथे चाळीत गॅस. शहाण्णव साल, लग्नाला दीड वर्ष झालेलं. नळी उंदराने कुरतडलेली. सकाळी तिची सासू चर्चमध्ये मिस्साला गेलेली, रॉबर्ट पाव आणायला खाली उतरलेला. जिन्यात शेजारणीला वास आला, ती सांगायला वर चढतेय तोवर एमिलीने चहासाठी काडी ओढली. रॉबर्ट धावत आत शिरला, तिला विझवताना त्याचे दोन्ही हात भाजले. दोन दिवस जगली. जबाब द्यायला शुद्धीवर आलीच नाही.

नवी सून जळाली की पोलीस येतातच. कोणी म्हणालं आदल्या दिवशी भांडण ऐकलं, कोणी म्हणालं हा गॅस सोडूनच खाली उतरला असणार — जिन्यात वास येतो आणि घरातल्या बाईला येत नाही, असं कुठे असतं? रॉबर्ट घसा फोडून सांगत होता, तिला वास येत नव्हता, तिनेच मला सांगितलेलं. म्हणजे पोरीने नवऱ्याला सांगितलं होतं. माझं ऐकलं नाही. बरं केलं, एकाशी तरी खरं बोलली.

कोर्टात त्याच्या वकिलाने मला विचारलं, "बाई, तुमच्या मुलीला वास यायचा का?" देवाची शपथ घेऊन उभी होते मी. मागच्या बाकावर विनीचे होणारे सासरे — पुढच्या महिन्यात लग्न. मी म्हटलं, "यायचा. सगळ्यांसारखा."

सात वर्षं दिली त्याला. — तू लिहितेस काय हे? नको लिहूस. — त्याची आई तो आत असतानाच गेली. आणि व्हॅलेरियन, तो मरेपर्यंत माझ्या हातचं जेवला, पण माझ्याशी बोलला नाही. रॉबर्ट गेल्या वर्षी सुटला. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी दफनभूमीत दिसला, एमिलीपाशी मेणबत्ती लावत होता. बोटं आखडलेली, काडी धरता येईना. मी पेटवून दिली. तेव्हा म्हणाला, "आई, का ते तेवढं सांगा." मी प्रार्थना म्हणायला लागले. मोठ्याने.

आता हे काय काढतेस? आमचं घराणं? पुरुष चौकोन, बाई गोल, आणि वास नाही त्याचा काळा भरायचा — बरं. माझ्या सासूचा काळा. व्हॅलेरियनचा काळा. विनी… विनी वास येतो म्हणते. पांढरा ठेव. तिची ॲंजेला पाच वर्षांची, तिचं माहीत नाही. परवा दूध करपलं तेव्हा ती तिथेच खेळत होती, काही बोलली नाही — खेळात लक्ष असेल. मी तिला गॅसपाशी जाऊ देत नाही. तेवढं करते.

एमिलीचा? भर. भर काळा. — नको, थांब. कुठे जाणार हा कागद? छापणार? नावं घालत नाही म्हणतेस, पण निर्मळचं घर, जळालेली पोर, कोणाला कळायचं राहील? पांढरा ठेव. ठेव म्हणते ना. आणि ॲंजेलाला सुईबिई काही नको, तिला काही झालेलं नाही. ऊठ. विनी तिला घेऊन येईल एवढ्यात, तिने तुला इथे बघायला नको. पुढून नको जाऊस — मागच्या दाराने, केळीतून जा.