आवाज जाड होईपर्यंत

नाही, नाही, आज होणार म्हणजे होणार – तू आधी बस तरी. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते, ह्या इकडच्या खुर्चीवर बस. तिसरा हेलपाटा झाला ना तुझा? कळतंय मला, चेहऱ्यावर दिसतंय – ही बाई मशीन विकतेय की माझी परीक्षा घेतेय? हसलास, म्हणजे असंच. पण आजचं भांडं बघ – थांब, काढतेच बाहेर – हं, धर. दोन्ही हातांनी धर, जड आहे. आता कानाशी नेऊन हलव. हलव रे, लाजतोस काय, लेकीचा खुळखुळा समज. आतून डबडब आवाज येतोय? नाही ना? झालं तर मग. ह्याला दोन भिंती असतात आणि मधे कसलंसं पाणी भरलेलं असतं, ते पाणी गोठून दगड झालं पाहिजे. डबडबलं की समजायचं, आज आइस्क्रीम नाही, आज गार दूध प्या आणि गप बसा. तू पहिल्यांदा आलास तेव्हा हे भांडं माळ्यावर होतं – इतकी वर्षं वापरलेलं मशीन, आणि ते आदल्या रात्रीपासून फ्रीजरमध्ये लागतं हेच विसरले होते मी! आणि काल – काल झालं काहीतरी. जाऊ दे ते.

आण इकडे, फार वेळ धरू नकोस, हाताची ऊब लागते त्याला. हे असं बसवायचं – टक्‌ वाजलं पाहिजे – आणि हे पातं मधे. आता नीट बघ, सगळे इथंच चुकतात. आधी बटण, मग दूध. आधी दूध ओतलंस ना, तर ते ओतल्याबरोबर भिंतीला चिकटतं, पातं अडकतं, आणि मशीन असं कण्हायला लागतं की बघवत नाही. म्हणून आधी फिरू दे, आणि मग ह्या भोकातून हळूहळू – बारीक धार – अशी. आणि अर्ध्याच्या थोडंसंच वर. का? फुगतं ते. हवा शिरते ना त्यात. हावरटपणा केला की वर येऊन ओट्यावर सांडतं, मग पुसत बसा. दूध, क्रीम, साखर, चिमूटभर मीठ – हो, मीठ, चेहरा वाकडा करू नकोस – आणि थोडा व्हॅनिला. उकळून, निववून, मग फ्रीजमध्ये गार करून ठेवलेलं. हे आजच केलंय, ताजं आहे. कालचं? कालचं मी पिऊन टाकलं. सगळं. मग, टाकायचं होतं का? दोन वेळचं जेवण झालं माझं त्याच्यात, आणि मग रात्री तोंड इतकं गोड गोड झालं की लोणच्याची फोड खाल्ली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

ऐकू येतंय ना आवाज? आत्ता बारीक आहे. हळूहळू जाड होईल. तेच बघायचं असतं, म्हणजे ऐकायचं असतं. तोवर चहा टाकू का? बरं, नंतर घे. तू काल विचारत होतास – नवीन घ्यावं की हे जुनंच – खरं सांगू? तीन तऱ्हा असतात. एक ते हातानं फिरवायचं, लाकडी बादली, भोवती बर्फ आणि खडे मीठ. मजा येते, पण घरात चार दांडगे हात हवेत. एकट्यानं फिरवलं की दुसऱ्या दिवशी खांदा तुझ्याशी बोलत नाही. दुसरं ते मोठं, त्याचं गार करायचं यंत्र त्याच्याच पोटात – भांडं आधी गोठवायला नको, मनात आलं की केलं. पण जड! ओट्यावरून हलवायचं नाव नको. आणि मला विचारशील तर त्यात गंमत नाही. मनात आलं की केलं, ह्यात कसली गंमत? आदल्या दिवशी ठरवायचं, भांडं आत ठेवायचं, पोरांनी दहा वेळा फ्रीजरचं दार उघडून बघायचं, आपण दहा वेळा ओरडायचं, त्याशिवाय आइस्क्रीम लागतं का गोड? आणि तिसरं हे. आम्ही हे घेतलं. मोठ्या भांड्याचं घेतलं, कारण घरात तेव्हा सासूबाई धरून पाच माणसं होतो. आता – आता तुम्ही किती? तिघं? मग पुरून उरेल तुम्हाला.

एक गोष्ट मात्र ह्याच्यावरून शिक – मशीन घेण्याआधी फ्रीजर मोज. हसशील तू. आमचे हे फ्रीज दुरुस्त करायचे. तोच धंदा, तीस-पस्तीस वर्षं. गावभरच्या फ्रीजची मापं तोंडपाठ – कुणाचं दार किती रुंद, कुणाचा कप्पा किती खोल. आणि मशीन घेऊन आले, खोकं उघडलं, भांडं फ्रीजरमध्ये ठेवायला गेले, तर जाईचना! बोटभर उंच. सासूबाई म्हणाल्या, दिव्याखाली अंधार. पोरं गडाबडा लोळली हसून. आणि ह्यांचा चेहरा – काय सांगू. आत गेले, करवत आणली, आणि बर्फाच्या ट्रेचा तो मधला कप्पाच कापून काढला. उघड ना, बघ तू. उघड फ्रीजर. बघितलंस? आजतागायत कप्पा नाही त्याला. नुसती ह्या भांड्याच्या मापाची ढोली. फ्रीज तोच अजून. मुलगा म्हणतो नवीन घे, आई, वीज खातो तो. खाऊ दे. माझ्याबरोबर दुसरं कोण खातंय?

नाही, मुलगा नाही इथं. मुलगीपण नाही. लांब आहेत दोघं, चांगली आहेत, फोन करतात – मुलगी रविवारी, मुलगा वेळ मिळेल तसा. मशीनची जाहिरात त्यानंच टाकली ना, तिकडून. म्हणाला, आई, घर जरा मोकळं कर, नको ते सामान काढून टाक, मी फोटो टाकतो, लोक घरी येऊन घेऊन जातील. मी म्हटलं टाक. आधी शिलाई मशीन गेलं. एक बाई आली, चाक फिरवून बघितलं, पैसे दिले, उचललं, गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी पाण्याचा पेला भरून बाहेर आले तर दार उघडं आणि जिन्यात पावलं वाजतायत. म्हणून ह्याच्या वेळी मी ठरवलं – चालवून दाखवल्याशिवाय द्यायचं नाही. घेणाऱ्यालाही कळायला नको का, काय घेतोय ते? आणि सुरू केलं की अर्धा तास तरी लागतोच. माणूस बसतो. बोलतो. म्हणजे मीच बोलते, ते बघतोयसच तू.

माझी नोकरीच बोलण्याची – काय म्हणालास? नाही, शिक्षिका नाही रे. टेलिफोनवर होते. ऑपरेटर. तुम्हाला आता कळायचं नाही ते – कानाला ते यंत्र, समोर भोकांची फळी, ह्याची दोरी त्याच्यात खुपसायची. 'बोला' म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. सगळा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेला बघ. कुणाला मुलगा झाला, कुणाचं लग्न मोडलं, सगळं माझ्या हातातून गेलं, आणि माझा शब्द एकच – 'बोला'. ह्यांना तर तेवढाही लागायचा नाही. मुलखाचे अबोल. पण मशीन लावलं की कान असा त्याच्यावर टेकवून उभे राहायचे, रोग्याची छाती तपासावी तसे, आणि पोरं 'झालं? झालं?' करायची, आणि हे एक बोट वर करायचे – थांबा. मग आवाज जाड झाला की म्हणायचे, 'हं, आलं.' बस्स. दिवसभरात तेवढं एकच वाक्य असायचं कधीकधी. ते गेल्यापासून मी आइस्क्रीम नाही केलं फारसं. एकटीला किती लागतं? पण मशीन – सांगू का, वेड्यात काढशील – मधूनमधून लावते नुसतं. रिकामं. भांडं नाही, दूध नाही, काही नाही. स्वयंपाकघरात काहीतरी चाललंय असं वाटतं, आणि मी बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसते.

तू कशाला मान खाली घालतोस? तुझा काय दोष? ऐक, ऐक – बदलला ना आवाज? जरासा. अजून आहे वेळ. झाकण उघडू नकोस सारखं, गारवा जातो. ह्या भांड्याचा नखराच तेवढा, घटकाभर बाहेर राहिलं तरी संपलं. आतलं लगेच सुटायला लागतं, वरून कळतही नाही. काल मी जेमतेम तासभर ओट्यावर काढून ठेवलं होतं, तर तू येईपर्यंत नुसतं डबडब –

म्हणजे राहिलं. राहून गेलं ओट्यावर. मी फ्रीजर पुसायला घेतला होता आणि –

नाही. नव्हता पुसायला घेतला. असं बघू नकोस माझ्याकडे. काढून ठेवलं मी. तू येणार त्याच्या आधी काढलं, आणि बेल वाजली तसं परत आत ठेवलं. पहिल्या दिवशी खरंच विसरले होते, आईशप्पथ, पण तू जाताना दारात वळून म्हणालास – 'मग उद्या येतो.' आठवतं तुला? तुला कशाला आठवेल. मी किती वेळ दारातच उभी. उद्या येतो. ह्या दारात किती दिवसांनी कुणी म्हणालं ते. आणि मग काल सकाळपासून मी केर काढला, पडदे बदलले, कप काढले चांगले, आणि मनात आलं, आज आइस्क्रीम झालं की हा मशीन उचलणार आणि जिना उतरणार, संपलं. नाहीच झालं तर? तर परत म्हणेल उद्या येतो. आणि म्हणालास तू. जरा कपाळाला आठी घालून म्हणालास, पण म्हणालास. आजही सकाळी माझा हात गेला होता फ्रीजरच्या दारापर्यंत. मग तू सांगितलेलं आठवलं, लेकीचा वाढदिवस उद्यावर आलाय. कुणाच्या पोरीचा वाढदिवस कशाला बुडवू मी माझ्या एकटेपणापायी? नाही काढलं. आज नाही काढलं, एवढं तरी खरं मान.

बोला ना काहीतरी. रागवा हवं तर. कामं टाकून आलात तुम्ही तिन्ही वेळा, मला ठाऊक आहे.

थांबा – शूं – ऐका. हं. आलं. ऐकलंत ना, कसा जाड झाला आवाज? बंद करते. बघा आता, झाकण काढा तुम्हीच. असं पात्याला धरून राहिलं पाहिजे, खाली ओघळता कामा नये. चमचा स्टीलचा नको! लाकडी घ्या, तो तिथं अडकवलाय, स्टीलनं भांड्याला चरे पडतात आणि मग ते कामातून गेलं. खा. कसंय? मऊच असतं आत्ता, घट्ट हवं तर डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं. हा डबा मी मघाशीच गार करून ठेवलाय, सगळं ह्यात भरते, लेकीला न्या. मला? मला नको, काल भरपूर झालंय. आणि साखर कमी करू नका बरं का शहाणपणा करून, दगड होतो त्याचा. भांडं गरम पाण्यात घालू नका, आधी आतला बर्फ आपोआप सुटू द्या, मग साध्या पाण्यानं धुवा. खोकं तेच आहे, ह्यांनी जपून ठेवलेलं, थर्माकोलसुद्धा आहे. पातं, झाकण, भांडं – भांडं ओलं आहे, फडक्यात गुंडाळते. फडकं परत नको. झालं. पैसे ठेवा त्या टेबलावर, मोजत नाही मी. फ्रीजरचं म्हणताय? राहू द्या ती ढोली तशीच, काय ठेवायचंय आता तिथं. चला, उशीर होतोय तुम्हाला, सांभाळून उतरा, जिन्यात तिसरी पायरी –

एक मिनिट हं, फोन. तुम्ही चपला घाला तोवर.

बोला... हो, हाच नंबर. आइस्क्रीमचं मशीन, हो, बरोबर... आहे ना. आहे अजून... चालू स्थितीत म्हणजे काय, आत्ताच चालवलं!... नाही, आज नको, आज येऊन उपयोग नाही. भांडं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं त्याचं, तुम्ही उद्या या. चालवून दाखवल्याशिवाय देत नाही मी... हो, उद्या. केव्हाही या, घरीच असते मी. चहा घेता ना तुम्ही?... बरं. वाट बघते.

काय झालं? अजून उभेच? नका, ते खोकं खाली ठेवू नका, तुमचं आहे ते. निघा तुम्ही, डब्यातलं वितळतंय. आणि जाताना दार ओढून घ्या.