पट्टीवरचा पोचा

भिंगारकर मंडळी, पारनेरहून आलेले पाहुणे, आणि विलासचे वर्कशॉपमधले जुने सोबती,

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. पण विलासच्या पत्नी मंदाताई म्हणाल्या, "दाजी, त्या मोटारीपाशी त्यांच्याबरोबर तुम्हीच होता. तुम्हीच बोला." म्हणून उभा राहिलो आहे. विलास माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. रात्री झोपला तो उठलाच नाही. त्याच्याविषयी सगळं सांगणं मला जमणार नाही. मी फक्त एका पट्टीविषयी सांगतो.

सासऱ्यांची जुनी छोटी मोटार आज बाहेर फाटकाशी उभी आहे. कैक वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती. माझ्या सासूबाईंची, म्हणजे माईंची, दृष्टी गेली आणि त्यांनी एकच धरलं, "मला एकदा आपल्या मोटारीतून गावाला न्या." विलासने ताडपत्री काढली. इंजिन झालं, रंग झाला. शेवटी राहिल्या दोन्ही अंगांना दिव्यापासून मागपर्यंत जाणाऱ्या धातूच्या चकचकीत पट्ट्या. त्याही त्याने घासूनपुसून बसवल्या आणि माईंना हाताला धरून अंगणात आणलं.

माईंनी पुढच्या दिव्यापाशी पट्टीवर हात ठेवला आणि तो फिरवत मागे चालत गेल्या. मागच्या दरवाजाशी थांबल्या. हात मागे नेला, परत पुढे आणला.

"ही आपली न्हाई."

विलास हसला. "आपलीच हाय गं माई. हॉर्न वाजवून दाखवू का?"

"हॉर्न काय, बाजारात मिळतो. आपल्या पट्टीला हितं पोचा हुता. कुणाची मोटार उचलून आणलीस?"

विलासचं हसू तिथेच थांबलं. तो पोचा त्यानेच ठोकून सरळ केला होता. चांगलं दिसावं म्हणून. आम्ही परोपरीने सांगितलं. माई बसल्या नाहीत. "परक्याच्या मोटारीत मी कशाला बसू?"

मी म्हणालो, "विलास, समजूत घालू. म्हातारं माणूस आहे."

तो म्हणाला, "दाजी, तिला आता हातच डोळे हायत. त्या हाताला खोटं कसं पाडू?"

आणि त्याने मागच्या दारावरची पट्टी काढली.

मंडळी, तशी दुसरी पट्टी आता कुठे मिळत नाही. एकदा वाकलेली, एकदा सरळ केलेली पट्टी पुन्हा वाकवायची. तडकली तर संपलं. त्याने लाकडाचा ठोकळा खोलगट कोरला, त्यावर पट्टी ठेवली. दोन्ही टोकं माझ्या हातात.

"धरा दाजी. सोडू नका."

एक ठोका. त्याने पट्टीला कान लावला.

"तडकली?"

"बोलू नका."

पुन्हा ठोका. पुन्हा कान. असं किती वेळ चाललं, सांगता येत नाही. शेवटी पोचा पडला, पट्टी शाबूत राहिली.

मग बसवणं. पट्टीच्या मागचे स्क्रू दाराच्या भोकांतून आत येतात, आतून नट लावायचा. मी आत, तो बाहेर. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज.

"लागला?"

"लागला."

"लई आवळू नका. पत्रा रडंल."

शेवटचा स्क्रू भोकात येईना. पोचा पडल्याने पट्टी केसभर आखडली होती. ओढली तर तुटणार, सोडली तर बसणार नाही. बाहेर सगळं शांत. आणि एकदम आवाज आला, कट्! मी हललो नाही.

"दाजी, श्वास घ्या. बसली."

म्हणाला, "रविवारी माईला दाखवू." रविवार आला. विलास नव्हता.

काल मंदाताईंनी माईंना अंगणात आणलं. पोचा त्याने आठवणीवर पाडला होता. चार बोटं इकडेतिकडे झाला असेल तर? आता तो दुरुस्त कोण करणार होतं? माईंचा हात दिव्यापासून निघाला. पुढचं दार गेलं. मागच्या दाराशी थांबला. अंगठा पोच्यात बसला, आणि तिथेच राहिला.

"हां. हितंच."

आणि म्हणाल्या, "ल्हान असताना त्यानं हितं सायकल घातली हुती. मला म्हनला, दूधवाल्यानं ठोकली. मला ठावं हुतं. मी कधी बोलले न्हाई."

मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "जावईबापू, दार उघडा."

आणि माई आत बसल्या.

उद्या आम्ही त्यांना गावाला नेत आहोत. मोटार मंदाताई चालवतील. तुम्हाला एकच विनंती. जाताना त्या पट्टीवरून हात फिरवा, आणि पुढेमागे कुणी हौशी माणूस ती सरळ करून देतो म्हणाला, तर त्याला अडवा.

आता आपण सगळे क्षणभर गप्प उभे राहू या.

विलास, धरलंय. सोडत नाही.