बोरला पाणी लागलं तर

तुम्हाला वाटतं मी घरीही गप्पच असते, पण दादाच्या इंजिनवरून मी एकदा चक्क वाद घातला होता.

दादा शर्यतीसाठी जुनी गाडी तयार करत होता. त्यानं लांब स्ट्रोकचा क्रँक आणला होता, म्हणजे पिस्टन जास्त खोल जाणार. तेवढ्यानं इंजिन अठराशे सीसीचं होत होतं. दादाला दोन हजारच हवं होतं. त्यासाठी बोरही, म्हणजे सिलिंडरचं भोक, रुंद करावं लागणार होतं. ज्यात ही भोकं असतात तो इंजिनचा ब्लॉक मात्र एकच, तसा दुसरा मिळत नव्हता.

"अठराशेच कर," मी म्हणाले. "बोर वाढवलंस तर पाणी लागंल."

बावड्याच्या रानात पाण्यासाठी बोरं मारून, सगळी कोरडी गेल्यानं थकलेले आमचे चुलते, तात्या, कॉटवर ताडकन उठून बसले.

"पाणी लागतंय? मग थांबलास कशाला? मार की लेका!"

"तात्या, सिलिंडरभोवती इंजिन थंड ठेवायचं पाणी फिरतं. मधली भिंत फुटली की ब्लॉक गेला. एमआयडीसीत बोरिंगवाल्यांकडं असा फुटलेला बघितलाय मी."

"भित्री हाईस," दादा म्हणाला.

"व्हय. पण अठराशेच."

तात्यांनी मान डोलावली. "पोरगी बराबर बोलती. बोर रुंद करून कुणाचं भलं झालंय? खोल जा."

तात्यांपुढे दादाचं काही चालत नाही. अठराशे ठरलं.

नव्या पिस्टनसाठी केसभर बोर करावंच लागलं. त्या दिवशी तात्या नारळ घेऊन आले, मशिनपुढे फोडला आणि हात जोडले.

"देवा, माझ्या रानात न्हाय लावलंस, तसं हितंबी पाणी लावू नगंस."